क्लोरीन, ऊन आणि स्टॅबिलायझर: पोहण्याच्या तलावातल्या एका विसरलेल्या आकड्याचा इतिहास



आजचा विषय काहींना या मालिकेत बसणारा वाटणार नाही. लढाया नाहीत, किल्ले नाहीत. विषय आहे घरच्या पोहण्याच्या तलावातलं स्टॅबिलायझर, ते कसं मोजायचं आणि किती ठेवायचं. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बंगळुरू या शहरांच्या बाहेर आपल्या मंडळींची घरं झाली, काहींच्या अंगणात छोटे तलाव आले. सुट्टीत नातवंडं त्यात दिवसदिवस डुंबतात. आणि एक प्रश्न वारंवार कानावर येतो: "टेस्ट किटमध्ये क्लोरीन बरोबर दिसतो, मग पाणी हिरवं का होतं? मुलांची पोटं का बिघडतात?"

या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात आहेच, पण ते नीट कळायला सव्वाशे वर्षांचा इतिहास बघावा लागतो. त्या इतिहासात सैन्याचा वाटा मोठा आहे आणि त्याची एक महत्त्वाची कडी आपल्या हिंदुस्थानातली आहे.

आधी पाणी सोडून देत, मग औषध आलं

मोहेंजोदडोचं महास्नानगृह तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलं आहे. साधारण बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, सुमारे अडीच मीटर खोल. विटांच्या मागे डांबराचा थर, आणि एका कोपऱ्यात पाणी बाहेर काढायची मोरी. ती मोरी लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्यापाशीच येणार आहोत. हजारो वर्षं तलाव स्वच्छ ठेवायचा एकच मार्ग होता: घाण पाणी सोडायचं आणि नवं भरायचं.

क्लोरीन पाण्यात आला तो साथींमुळे. १८९७ साली इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा पाण्याचे नळ ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने निर्जंतुक केले गेले. १९०५ मध्ये लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी रोजच्या पुरवठ्यातच क्लोरीन द्यायला सुरुवात केली. १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यासाठी डॉ. जॉन लील यांनी तेच केलं.

पण दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीसाठी वापरायची पद्धत १९०३ सालीच मांडली होती इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी व्हिन्सेंट नेसफिल्ड यांनी. कारण उघड आहे. त्या काळच्या फौजेत गोळीपेक्षा पाण्याने माणसं जास्त मरत. पटकी, हगवण, विषमज्वर यांनी पलटणीच्या पलटणी आडव्या होत. १९१० मध्ये अमेरिकन सैन्यातले मेजर कार्ल डार्नल यांनी द्रव क्लोरीनचं यंत्र तयार केलं. त्यांच्याच सैन्यातले विल्यम लिस्टर यांनी कापडी टांगती पिशवी आणली. पिशवीत पाणी भरायचं, हायपोक्लोराइटची पूड टाकायची, अर्धा तास थांबायचं आणि खालच्या तोट्यांतून जवानांनी पाणी घ्यायचं.

आधी मोजा, मग टाका

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातले विल्यम हॉरॉक्स यांनी एक पेटी तयार केली. हिंदुस्थानातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ती अजून शिकवली जाते. तिच्यात एक काळा पेला, सहा पांढरे पेले, दोन ग्रॅमचा चमचा, थेंब टाकायची नळी आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं.

काळ्या पेल्यात एक चमचा ब्लीचिंग पावडर कालवायची. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी घ्यायचं. पहिल्यात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं करत सहाव्यात सहा. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येक पेल्यात स्टार्चचे थेंब टाकायचे. ज्या पेल्यात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग दिसेल, त्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे. तिसरा पेला निळा झाला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम.

इथे प्रश्न पाण्याला विचारला जातो. या विहिरीचं, या ओढ्याचं पाणी आज किती क्लोरीन खाणार, हे आधी ठरतं आणि नंतर पूड पडते. आमच्या काळात ज्युनियर अधिकाऱ्यांना हे शिकवताना वैद्यकीय दलाचे सुभेदार साहेब म्हणायचे, "साहब, पानी से पूछो, डिब्बे से मत पूछो." डब्यावर काय लिहिलंय ते कारखान्याला ठाऊक, तुमच्या विहिरीत काय आहे ते फक्त पाण्याला ठाऊक.

ऊन नावाचा शत्रू

साथीचा शत्रू जंतू, आणि क्लोरीनचा शत्रू ऊन. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे तेहतीस टक्के उपयोगी क्लोरीन असतो. हवा, ओल, उष्णता आणि उजेड यांनी तो भराभर कमी होतो. युरोपातून निघालेली पिंपं उष्ण प्रदेशात पोहोचेपर्यंत अर्धी निकामी होत. म्हणून त्यात जास्तीचा चुना मिसळून टिकाऊ पूड बनवली गेली. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या विहिरीत जी टीसीएल पावडर पडते, तिच्या नावात हाच इतिहास दडला आहे: ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे उष्ण प्रदेशासाठीची चुनकळी. पुढे रासायनिक युद्धातलं विष धुवायला सैन्यांनी ठेवलेली सुपरट्रॉपिकल ब्लीच याच घराण्यातली. क्लोरीन स्थिर करायची, म्हणजेच स्टॅबिलाइज करायची, ही पहिली धडपड.

पण ही युक्ती पिंपातल्या पुडीपुरती. एकदा पाण्यात विरघळला की क्लोरीन पुन्हा उन्हाच्या तावडीत. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जंतू मारायचं काम मुख्यतः पहिलं करतं. दुसरं सूर्याच्या अतिनील किरणांत पटकन फुटतं. उघड्या तलावात भर दुपारी दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातो. झाकलेल्या टाकीत हा प्रश्न नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांच्या परसांत उघडे तलाव झपाट्याने वाढले. घरमालक सकाळी क्लोरीन टाकून कामाला जायचा आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी निःशस्त्र झालेलं असायचं.

युरियातून आलेला पहारेकरी

उत्तर मिळालं एका जुन्या पदार्थात. १८२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी युरिया तापवून सायन्युरिक आम्ल मिळवलं होतं. होय, आपण शेतात टाकतो तोच युरिया. आजही कारखान्यात हे आम्ल युरिया तापवूनच बनतं. सव्वाशे वर्षं ते प्रयोगशाळेच्या कपाटात राहिलं. १९५० च्या दशकात अमेरिकन रसायन कंपन्यांनी ते तलावाच्या बाजारात आणलं.

त्याचं काम असं. सायन्युरिक आम्लाचा रेणू क्लोरीनला धरून ठेवतो. धरलेला क्लोरीन उन्हात सहज फुटत नाही. पाण्यातला मोकळा क्लोरीन खर्च झाला की रेणू थोडा सोडतो. म्हणून त्याला नाव पडलं स्टॅबिलायझर, काही जण कंडिशनर म्हणतात. जो क्लोरीन दुपारपर्यंत संपायचा, तो संध्याकाळपर्यंत टिकू लागला.

कंपन्यांनी पुढे आणखी सोय केली. क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल एकाच गोळीत बांधलं. ट्रायक्लोरची जड पांढरी गोळी आणि डायक्लोरची दाणेदार पूड ही ती सोय. गोळी तरंगत्या डबीत टाका, आठवडाभर बघू नका. घरगुती तलावाच्या इतिहासात एवढी लोकप्रिय वस्तू क्वचितच झाली असेल.

आणि याच सोयीत आजच्या प्रश्नाचं मूळ आहे. क्लोरीन काम करून संपतो. सायन्युरिक आम्ल संपत नाही. ते उडत नाही, गाळणीत अडकत नाही. पाण्याची वाफ होते, आम्ल मागेच राहतं. वरून पाणी भरलं तरी ते तेवढंच राहतं. प्रत्येक गोळीबरोबर नवी भर पडते.

परेड स्टेट आणि मोर्चा

१९५७ साली इंग्लंडमध्ये आर्थर पॅलिन यांनी डीपीडी चाचणी मांडली. पाण्यात गोळी किंवा थेंब टाकला की गुलाबी रंग येतो, आणि रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. आजच्या बहुतेक किटमध्ये हीच चाचणी असते. चाचणी चांगली आहे. पण स्टॅबिलायझरवाल्या पाण्यात ती एक गोष्ट सांगत नाही. डीपीडीने मोकळा क्लोरीन खाल्ला की स्टॅबिलायझर लगेच पुढचा सोडतो, तोही खाल्ला की त्यापुढचा. काही सेकंदांत धरलेला आणि मोकळा असा सगळाच क्लोरीन मोजला जातो आणि किट त्या सगळ्याला "फ्री क्लोरीन" म्हणतं.

१९७४ मध्ये ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांच्यातल्या समतोलाचं गणित प्रसिद्ध केलं. त्यावरून दिसतं की नेहमीच्या तलावात, म्हणजे तीस पीपीएम स्टॅबिलायझर असतानाही, शंभरातले पंचाण्णवांहून जास्त भाग क्लोरीन बांधलेला असतो. पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये इतके मिलिग्रॅम.

फौजेच्या भाषेत सांगतो. परेड स्टेटवर पलटणीची संख्या आठशे लिहिलेली असते. त्यात रजेवरचे, कोर्सवर गेलेले, दवाखान्यातले, मागच्या छावणीत राखीव ठेवलेले, सगळे येतात. मोर्चावर प्रत्यक्ष किती रायफली आहेत, हा वेगळा आकडा. डीपीडी तुम्हाला परेड स्टेट देते. जंतू मारतो तो मोर्चावरचा क्लोरीन. राखीव दल हवंच, त्याच्याशिवाय उन्हात टिकाव नाही. पण राखीव दल जितकं फुगतं, तितकी पुढची फळी विरळ होते. आणि जंतू किती वेगाने मरणार, हे पुढच्या फळीवर ठरतं.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे बघा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात एक पीपीएम क्लोरीन ई. कोलाय जंतूला एका मिनिटाच्या आत मारतो. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला सुमारे सोळा मिनिटं लागतात, जिआर्डियाला पंचेचाळीस मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीला १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवस. स्टॅबिलायझर वाढला की हे सगळे आकडे लांबतात. म्हणूनच तलावात कोणाला जुलाब झाले तर जास्त क्लोरीन देऊन पाणी शुद्ध करण्यापूर्वी स्टॅबिलायझर पंधरा पीपीएमच्या आत आणा, असं सीडीसी सांगते.

चाळीस हजार लिटरचा हिशेब

आता आपल्या अंगणातला तलाव घेऊ. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे चाळीस हजार लिटर. उन्हाळ्यात रोज दोन पीपीएम क्लोरीन लागतो असं धरा. त्यासाठी रोज सुमारे नव्वद ग्रॅम ट्रायक्लोर खर्च होतं. ट्रायक्लोरच्या वजनात निम्म्याहून थोडं जास्त सायन्युरिक आम्ल असतं. म्हणजे रोज सुमारे पन्नास ग्रॅम आम्ल, किंवा सव्वा पीपीएमच्या जवळपास भर.

मार्च ते मे या तीन महिन्यांत ही भर सुमारे एकशे दहा पीपीएम होते. सुरुवात तीसने केली असेल तर मे संपताना आकडा एकशे चाळीसच्या घरात. गाळणी धुताना थोडं पाणी बदलतं, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पण किटवर क्लोरीन मार्चमध्येही दोन आणि मेमध्येही दोनच. मालक निश्चिंत. मोर्चावरची ताकद मात्र साधारण पाचव्या हिश्श्यावर आलेली असते. शेवाळ धरणारच. मुलांच्या पोटाचंही नवल नाही.

आणि मुलं पाणी गिळतातच. हे मोजलं गेलं आहे, तेही याच आम्लाच्या मदतीने. सायन्युरिक आम्ल शरीरातून न बदलता लघवीत येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पोहणाऱ्यांच्या लघवीतलं हे आम्ल मोजून गिळलेल्या पाण्याचा हिशेब केला गेला. पाऊण तासात मोठ्यांनी सरासरी १६ मिलिलिटर पाणी गिळलं होतं आणि मुलांनी ३७.

चाचणी कशी करायची

स्टॅबिलायझर मोजायची घरगुती चाचणी सोपी आहे. किटमध्ये मेलामाइनचं द्रावण येतं. तलावाचं पाणी आणि हे द्रावण समप्रमाणात मिसळून हलकेच हलवा आणि किटमध्ये सांगितली असेल तेवढी वेळ थांबा. मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल एकमेकांना चिकटतात आणि पाणी दुधाळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हे पाणी हळूहळू ओता. वरून बघताना ठिपका दिसेनासा झाला की थांबा आणि नळीवरची रेघ वाचा.

काही पथ्यं आहेत. उजेडात, उन्हाकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून बघा. थंडीत पाणी घरात आणून कोमट होऊ द्या, कारण गार पाण्यात आकडा चुकीचा दिसू शकतो. तेच पाणी परत ओतून दोन-तीनदा वाचा. आकडा शंभराच्या पुढे वाटला तर तलावाचं पाणी तेवढ्याच नळाच्या पाण्यात मिसळून चाचणी करा आणि उत्तराची दुप्पट करा. कागदी पट्ट्यांवर या आकड्यासाठी फार भरवसा ठेवू नका. महिन्यातून एकदा आणि मोठ्या पावसानंतर ही चाचणी पुरते. क्लोरीन आणि पीएच मात्र रोज.

याच दुधाळ साक्याची एक दुःखद आठवण आहे. २००७ साली अमेरिकेत अनेक कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. त्यांच्या खाद्यात भेसळ म्हणून मेलामाइन आणि त्याच्याबरोबर सायन्युरिक आम्लही गेलं होतं. नळीत दिसतात तेच स्फटिक त्यांच्या मूत्रपिंडांत झाले. सायन्युरिक आम्ल एकटं असेल तर ते फार विषारी नाही, जंतुनाशक गोळ्यांतून ते पिण्याच्या पाण्यातही येतं. पण चाचणीचं द्रावण तलावात ओतू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

किती ठेवायचं आणि जास्त झालं तर

उघड्या तलावात तीस ते पन्नास पीपीएम पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत शंभराच्या आत ठेवा असं आहे. छताखालच्या तलावात ऊनच नाही, तिथे स्टॅबिलायझरची गरज नाही. गरम पाण्याच्या टबमध्ये टाकू नका. क्लोरीन स्टॅबिलायझरच्या विसाव्या हिश्श्याखाली जाऊ देऊ नका. स्टॅबिलायझर चाळीस असेल तर क्लोरीन किमान दोन, शंभर असेल तर पाच. आकडा कमी असेल तर हिशेब सोपा आहे: एक लाख लिटरला एक किलो सायन्युरिक आम्ल टाकलं की दहा पीपीएम वाढतात. आपल्या चाळीस हजार लिटरच्या तलावाला तीस पीपीएमसाठी एक किलो दोनशे ग्रॅम.

आकडा जास्त झाला तर काय? घरच्या तलावासाठी खात्रीचा उपाय एकच, आणि तो मोहेंजोदडोच्या कोपऱ्यात आहे. मोरी उघडायची. एकशे चाळीसवरून चाळीसवर यायला आपल्या तलावातलं सुमारे साडेअठ्ठावीस हजार लिटर पाणी बदलावं लागेल. दहा हजार लिटरचे तीन टँकर, तेही ऐन मे महिन्यात. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने तलावांत पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली होती आणि पाच हजार रुपये दंड ठेवला होता. जिथे शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग आहे तिथे तीन टँकर ओतून देणं, हे कायद्यात बसलं तरी मनाला बसणार नाही.

म्हणून वाढ आधीच रोखा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्टॅबिलायझर तीस-चाळीसवर आणा. तिथून पुढे रोजचा क्लोरीन द्रव हायपोक्लोराइटने द्या, त्यात सायन्युरिक आम्ल नसतं. ट्रायक्लोरच्या गोळ्या प्रवासाला जाताना चार दिवसांपुरत्या ठेवा. या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड कधीही एका डब्यात, एका चमच्याने किंवा एका तरंगत्या डबीत एकत्र आणू नका. आग लागते, स्फोट होतो. पाणी बदलायचंच असेल तर पावसाळ्याची वाट बघा. जोरदार पावसाच्या भागात तलाव भरून वाहतो आणि आकडा बराच खाली येतो. सोडायचं पाणी आधी नवा क्लोरीन न टाकता उन्हात ठेवा आणि किटवर क्लोरीन संपलेला दिसला की मगच सोडा, नाल्यातल्या जिवांना त्रास कमी होईल.

मेडस्टोनपासून हॉरॉक्सच्या पेटीपर्यंत माणसांनी एक शिस्त मिळवली होती: आधी मोजायचं, मग टाकायचं. गोळीने ती सवय मोडली. तुमच्या किटमध्ये काळ्या ठिपक्याची नळी नसेल तर या आठवड्यात मागवून घ्या. मुलांना पाण्यात उतरवण्यापूर्वी क्लोरीनचा आकडा आणि स्टॅबिलायझरचा आकडा शेजारी शेजारी लिहा, आणि पहिल्याला वीसने गुणा. उत्तर दुसऱ्यापेक्षा कमी आलं, तर आज पोहणं बंद.

जय हिंद.